वडिलांची गाडी कधी थांबवावी?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. रत्नागिरीत गाडी स्वतः चालवतात. हल्ली मात्र रात्री हातखंब्याकडे जायचं टाळतात. किल्ली काढून घ्यावी का?

उत्तर : इतक्यात नको. ही टाळाटाळ बहुधा त्यांची सावधगिरीच आहे. गाडी सहसा एका दिवसात सुटत नाही. आधी रात्र सुटते, मग पाऊस, मग घाट. मुळाशी बरेचदा डोळे असतात. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात. ओल्या रस्त्यावर विचारूच नका. शस्त्रक्रियेनंतर कित्येकजण रात्री पुन्हा गाडी काढतात. काचबिंदू मात्र फसवा. कडेची नजर जाते आणि माणसाला पत्ता नसतो. दोन्ही तपासून घ्या. झोपेच्या, सर्दीच्या गोळ्या, मधुमेहात साखर उतरणं, न वळणारी मान, हेही डॉक्टरांना सांगा. पंचावन्ननंतर परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो आणि वैद्यकीय दाखला लागतो, पण त्या कागदावर विसंबू नका.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर लगेच थांबवा. तोवर दिवसा मारुती मंदिरापर्यंत खुशाल जाऊ द्या.