आजार एकाचा, ताट सर्वांचे



विवाहाच्या दिवशी वेदीसमोर उभे राहून आपण एकमेकांना जे वचन दिले, त्यात आरोग्याबरोबर आजारपणाचाही उल्लेख आहे. त्या दिवशी आपण तो शब्द भराभर उच्चारून पुढे जातो. वय तरुण असते, मंडपात पाहुणे वाट पाहत असतात. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी रक्ततपासणीचा कागद हातात येतो आणि वचनातला तो एक शब्द आपल्या घरात कायमचा राहायला येतो.

दीर्घकाळ सोबत करणारे आजार अनेक आहेत. रक्तदाब, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, दमा. या लेखात आम्ही मधुमेहाविषयी लिहीत आहोत, कारण आम्हा दोघांच्या संसारात तो गेली सोळा वर्षे आहे आणि आपल्या धर्मग्रामात ज्या घरी जावे तेथे बहुधा कोणी ना कोणी त्याची गोळी घेत असतेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

शंभर वर्षांपूर्वी गोष्ट वेगळी होती. लहान वयात मधुमेह झालेली मुले थोड्याच काळात दगावत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यात आले आणि तेव्हापासून चित्र पालटले. आज मधुमेह झालेला माणूस तीस-चाळीस वर्षे उत्तम जगू शकतो. पण ही वर्षे तो दवाखान्यात काढत नाही, घरात काढतो. म्हणून हा आजार सांभाळण्याची खरी जागा म्हणजे आपले स्वयंपाकघर आणि पती-पत्नीचे नाते.

१. वेगळे भांडे नको

आजार कळला की अनेक घरांत पहिली गोष्ट घडते ती म्हणजे दोन स्वयंपाक. सगळ्यांसाठी नेहमीचे जेवण आणि आजाऱ्यासाठी वेगळ्या पातेल्यात उकडलेले, बेचव काहीतरी. हेतू चांगला असतो. पण थोड्याच दिवसांत आजारी माणूस एकटा, लवकर, कोपऱ्यात बसून जेवू लागतो. समोर मुले चवीने जेवत असतात आणि त्याला वाटते, आपल्याला शिक्षा झाली आहे. मग तो लपूनछपून खातो. इकडे दोन-दोन स्वयंपाक करणारी व्यक्ती थकते, चिडते, आणि काही महिन्यांत वेगळे पातेले बंद होते. पथ्य संपते, कडवटपणा मात्र राहतो.

वास्तविक मधुमेह्याचे जेवण हे काही औषधी जेवण नव्हे. भाजी भरपूर, डाळ किंवा मासळी पुरेशी, भात-भाकरी बेताची आणि गोड क्वचित, असे जेवण घरातल्या प्रत्येकाच्या हिताचे आहे. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलांनाही तो होण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे आज आपण सर्वांसाठी एकच भांडे चुलीवर ठेवले, तर मुलांचीही काळजी घेतली जाते.

२. ताटाची मांडणी

वजनकाटा घेऊन बसण्याची गरज नाही. ताटाचे मनात दोन भाग करावेत. अर्ध्या भागात भाज्या व कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. एकात मासळी, अंडे, कोंबडी, डाळ किंवा कडधान्य, आणि दुसऱ्यात भात किंवा भाकरी. बटाटा, रताळे, सुरण ही भाजी न समजता भाताच्या हिश्शात मोजावीत. ताट मात्र बेताचे घ्यावे, परात नव्हे!

आपल्याकडे भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. भात सोडायला सांगितले की माणूस पथ्यच सोडतो. त्यापेक्षा भात ठेवावा, पण त्याचे प्रमाण आणि त्याची पाळी बदलावी. आधी भाजी व मासळी खावी, भात शेवटी घ्यावा. साखर तुलनेने कमी चढते. मासळीच्या कालवणाने साखर फारशी वाढत नाही, वाढते ती त्याखालच्या भाताच्या डोंगराने. मऊ पेज लवकर पचते, म्हणून तिने साखरही लवकर चढते. सकाळचा मैद्याचा पाव रोजचा असेल तर तो कधीतरीचा करावा.

काही गैरसमज दूर करायला हवेत. साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो, असे अनेक जण सांगतात. रक्तातील साखरेच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही. फळे वर्ज्य नाहीत, पण रस काढण्यापेक्षा फळ चावून खावे आणि एका वेळी थोडेच खावे. आपल्या वसईची सुकेळी चवीला कितीही छान असली तरी केळ्यातील पाणी उडून गेल्यामुळे थोडक्यात पुष्कळ साखर पोटात जाते. एखादा तुकडा ठीक, मूठभर नको. आणि खारवलेली मासळी, लोणची, पापड यांच्याबाबत रक्तदाब असणाऱ्यांनी विशेष जपावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरसुद्धा नाही, इतकेच मीठ जावे.

मूत्रपिंडाचा त्रासही असेल तर डाळ, फळे व पाणी यांचे नियम वेगळे असतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावे.

३. स्वयंपाक करणारीच आजारी असेल तर

नवऱ्याला मधुमेह झाला तर बहुतेक घरांतला स्वयंपाक हळूहळू बदलतो. पत्नीला झाला तर मात्र अनेकदा काहीच बदलत नाही. ती सर्वांच्या आवडीचे रांधते, सर्वांना वाढते आणि शेवटी उरलेला भात व कालवणाचा रस्सा खाऊन उठते. भाजी मुलांनी संपवलेली असते, मासळीचा तुकडा उरलेला नसतो. तिचे पथ्य मोडते ते तिच्या जिभेमुळे नव्हे, तर घरातल्या रीतीमुळे.

यात धोकाही आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर जेवणाला उशीर झाला, तर साखर एकदम उतरू शकते. सकाळी गोळी घेऊन ती डबे भरते, सासूबाईंना चहा देते, मुलांना शाळेत धाडते आणि नाश्ता दहा वाजता करते. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, "दगदग झाली असेल."

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे; अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि बरे वाटल्यावर थोडे जेवण द्यावे. चॉकलेट किंवा तुपातली मिठाई येथे उपयोगी नाही, कारण स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, हे ठाऊक असावे.

म्हणून घराघरांत एक साधा नियम व्हावा. ज्याला आजार आहे त्याचे ताट पहिल्या पंगतीला वाढले जाईल, मग ते आईचे असो की बाबांचे. उरलेल्यांना वाढायला नवऱ्याचेही हात चालतात.

४. पहारेकरी नको, सोबती हवा

आजारी माणसाच्या जोडीदाराला भीती वाटत असते. त्या भीतीचे रूपांतर पहाऱ्यात होते. "पुन्हा भात घेतलात?" "डब्यातले लाडू कोणी संपवले?" "तरी सांगत होते!" बोलणारीच्या मनात प्रेम असते, ऐकणाऱ्याला मात्र ती झडती वाटते. मग खोटे बोलणे सुरू होते आणि एकमेकांवरचा विश्वास उडतो. तो परत मिळवणे साखर कमी करण्याहून कठीण.

आमच्या घरी आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. पाहुण्यांसमोर आणि मुलांसमोर जेवणावरून टोकायचे नाही. मीटरवरचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत, तो वाढला तर "काय खाल्ले?" असे न विचारता "उद्या काय बदलू या?" असे विचारायचे. ताप, काळजी, जागरण, एखादे नवे औषध यांनीही साखर वाढते, केवळ खाण्यानेच वाढते असे नाही. आणि महिन्यातून एकदा, स्वयंपाकाच्या घाईत नव्हे तर निवांत बसून, एकमेकांना विचारायचे, "मी काय केले तर तुला सोपे जाईल?" उत्तर बहुधा छोटे असते. कधी संध्याकाळी अर्धा तास सोबत चालायला येणे, कधी औषधे आणून ठेवणे, तर कधी फक्त गप्प बसणे.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची व मूत्रपिंडाची तपासणी, या दवाखान्याच्या फेऱ्यांना शक्य तेव्हा दोघांनी मिळून जावे. डॉक्टरांचे बोलणे दोघांच्या कानांनी ऐकले की घरी वाद कमी होतात.

आणखी एक सेवा जोडीदाराच्याच हातची. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला, चप्पल लागली तरी कळत नाही. गुडघे वाकत नसले किंवा नजर कमी झाली असली तर स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही. रात्री झोपण्यापूर्वी जोडीदाराने दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. जखम, फोड, रंगात बदल दिसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. पवित्र गुरुवारी वेदीसमोर पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. त्याचा अर्थ समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

५. न बोलली जाणारी गोष्ट

दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यामुळे पुरुषाला पत्नीजवळ जाताना अडचण येऊ शकते. स्त्रीला कोरडेपणा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, वेदना असे त्रास होतात. दोघेही संकोचाने बोलत नाहीत. तो दूर राहतो, तिला वाटते प्रेम आटले. ती नको म्हणते, त्याला वाटते आपण नकोसे झालो. एका आजाराच्या लक्षणावरून संसारात संशय शिरतो.

ही लाजेची बाब नाही, वैद्यकीय बाब आहे आणि तिच्यावर बहुधा उपाय असतो. आधी एकमेकांशी बोलावे, मग डॉक्टरांशी. जाहिरातीतली औषधे परस्पर घेऊ नयेत, विशेषतः हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील तर. तसेच सतत उदास वाटणे, झोप न लागणे, कशातच मन न रमणे हे मधुमेह्यांत अधिक आढळते. तेही डॉक्टरांना सांगावे.

६. उपवास, मिस्सा आणि आजारी माणूस

आपल्यापैकी काही श्रद्धाळू मंडळी साखर उतरत असतानाही पवित्र कम्युनियन चुकेल म्हणून काही खात नाहीत. ख्रिस्तसभेची ही अपेक्षा नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार कम्युनियनपूर्वी एक तास काही खाऊ नये असा नियम आहे, पण पाणी आणि औषध यांना त्यातही मुभा आहे. कलम ९१९ मध्ये पुढे स्पष्ट म्हटले आहे की, वृद्ध व आजारी माणसांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी ते कम्युनियन स्वीकारू शकतात. शुश्रूषा करणाऱ्यांचा उल्लेख आवर्जून लक्षात घ्यावा. ख्रिस्तसभा आजाऱ्याबरोबर त्याची काळजी वाहणाऱ्यालाही मोजते, आपणही मोजावे.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवसांच्या उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना साठावे वर्ष लागेपर्यंत लागू आहे, आणि ज्यांच्या प्रकृतीला उपवास अपायकारक आहे त्यांना तो बंधनकारक नाही. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे. प्रायश्चित्तकाळात गोड, मद्य किंवा तळलेले सोडणे हा मधुमेह्यालाही झेपणारा त्याग आहे.

७. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कर्तव्य

लग्न, बाप्तिस्मा, नाताळ. केक, नेवऱ्या, कलकल घरोघरी येतात. "एवढ्याने काही होत नाही, घ्या हो!" हा आग्रह प्रेमाचा असला तरी तो थांबवावा. पाहुण्याने एकदा नको म्हटले की पुरे. यजमानांनी पंगतीत कोशिंबीर, भाजलेली मासळी, साखर न घातलेले सरबत ठेवले तर किती जणांची सोय होईल!

मद्याबाबत एक इशारा. रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याची साखर काही तासांनीही धोकादायकरीत्या उतरू शकते. तेव्हा बोलणे अडखळते, तोल जातो. मंडपातली माणसे म्हणतात, "चढली आहे, झोपू द्या." तसे झोपू देणे जीवावर बेतू शकते. अशा माणसाची साखर आधी तपासावी.

घरी बोलण्यासाठी

या रविवारी जेवणानंतर पती-पत्नींनी पुढील प्रश्नांवर बोलावे, मुलांनाही सोबत घ्यावे.

१. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? त्याच्या ताटात काय उरते?

२. साखर अचानक उतरली तर काय करायचे, हे घरात कोणाकोणाला माहीत आहे?

३. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळते का?

४. आपल्या शेजारी एकटे राहणारे, पथ्याचे जेवण करायला कोणी नसलेले आजारी कोणी आहे का? त्यांना आपल्या भांड्यातला एक डबा देता येईल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर उद्यापासूनच मूठभर भाजी जास्त शिजवावी.