दुकानात वाजतो, घरी वाजत नाही

आमच्या अॅम्प्लिफायरचा डावा आवाज अधूनमधून गायब व्हायचा. समोरचं इनपुट निवडायचं बटण जरा हलवलं की परत यायचा आणि मग दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चालायचं. पावसाळा लागला तसं हे रोजचंच झालं. ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर लक्षणं ऐकूनच निदान केलं, "आउटपुटचा आयसी गेलाय, बदलावा लागेल." डोंबिवलीहून दुपारच्या रिकाम्या लोकलने ते धूड ठाण्याला नेलं, तर दुकानात दोन्ही बाजू खणखणीत! तरीही आयसी बदलला गेला. घरी आणल्यावर आठवडाभर आवाज झकास होता, मग डावी बाजू पुन्हा मुकी झाली. आयसी बिचारा निर्दोष होता. दोष होता इनपुट सिलेक्टर स्विचमध्ये, म्हणजे त्याच बटणाच्या मागे.

मग आठवडाभर तो वाजला कसा? लोकलच्या हादऱ्यांनी आणि दुकानात चार वेळा बटण फिरवल्याने आतले कॉन्टॅक्ट घासले गेले, म्हणून. अशा बिघाडाची हीच खोड आहे: हात लागला की तो तात्पुरता बरा होतो आणि श्रेय शेवटच्या दुरुस्तीला मिळतं. तेव्हा आवाज परत आला एवढ्यावर समाधान मानू नका. बिघाड नेमका कुठे होता, हे दाखवल्याशिवाय महागडा भाग बदलू देऊ नका.

सिलेक्टरच्या आत चांदीचा मुलामा दिलेले छोटे कॉन्टॅक्ट असतात. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं, तसेच हेही पडतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. डोंबिवलीत एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना हवेबद्दल वेगळं सांगायला नको. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता. त्यात पावसाळ्यातली दमट हवा. दिव्याच्या बटणातून भरपूर करंट जातो, ठिणगीने असा थर फुटतो. सिलेक्टरमधून जाणारा सिग्नल इतका क्षीण असतो की थर जागेवरच राहतो.

तपासणी घरी करता येते, तीही झाकण न उघडता. आधी अॅम्प्लिफायर बंद करून सीडी प्लेयरकडून येणाऱ्या वायरच्या डाव्या-उजव्या पिनांची अॅम्प्लिफायरच्या टोकाला अदलाबदल करा. मुका झालेला आवाज उजवीकडे गेला, तर दोष प्लेयरचा किंवा वायरचा. डावीकडेच राहिला, तर अॅम्प्लिफायरचा किंवा त्यापुढच्या स्पीकरचा. मग तोच प्लेयर ट्यूनर, ऑक्स अशा इतर इनपुटला लावून बघा. एकाच इनपुटवर आवाज जात असेल, तर त्या जागेचा कॉन्टॅक्ट किंवा मागच्या सॉकेटचं ड्राय सोल्डर. सगळीकडे जात असेल, तर सिलेक्टरचा सामायिक कॉन्टॅक्ट किंवा त्यापुढचं काहीतरी. फोनो इनपुटवर मात्र हा प्रयोग नको. रेकॉर्ड प्लेयरची पिन जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते, सीडी प्लेयर दोन व्होल्टपर्यंत. आवाज फाटेल आणि स्पीकरलाही धोका.

'टेप मॉनिटर'चं बटण असेल तर ते विसरू नका. ते चुकून दाबलं गेलं की सगळी इनपुटं गप्प होतात, आणि त्याचेही कॉन्टॅक्ट काळे पडतात.

खरा निवाडा मागच्या 'रेक आउट' सॉकेटवर होतो. बहुतेक जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये तिथे सिलेक्टरमधून निघालेला सिग्नल मिळतो, आवाजाच्या बटणाच्या आधीचा. तो दुसऱ्या अॅम्प्लिफायरला किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडा. तिथेही डावी बाजू गायब असेल, तर सिलेक्टरच संशयित. तिथे दोन्ही बाजू नीट असतील, तर टेप मॉनिटर, बॅलन्स, व्हॉल्यूम, आयसी किंवा स्पीकरचा रिले बघायचा. हळू आवाजात बाजू जाते आणि मोठा केला की धाडकन येते, ही रिलेची लक्षणं. सिलेक्टर हलवल्यावर आवाज येतो-जातो, ही सिलेक्टरची.

निदान पक्कं झालं की आधी स्वच्छता. प्लग भिंतीतून काढा आणि थोडा वेळ थांबा. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. उघडायचा सराव नसेल, तर हे काम जाणकारालाच द्या. काही अॅम्प्लिफायरमध्ये बटण पुढे आणि खरा स्विच मागे सॉकेटांजवळ असतो, लांब दांडीने किंवा पट्टीने जोडलेला; अशा वेळी पुढून स्प्रे मारून उपयोग नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थेट कॉन्टॅक्टवर थोडासाच मारायचा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज द्यायची नाही. गंज सोडवायचा स्प्रे, खोबरेल, रॉकेल यातलं काही नको. पॉलिश पेपर तर अजिबात नको. त्याने काळेपणाबरोबर चांदीही जाते आणि पुढच्या पावसाळ्यात त्रास दुप्पट होतो. आत यांत्रिक स्विचऐवजी ४०५२ सारखा आयसी निवड करत असेल, तर स्प्रे मारण्यात अर्थ नाही.

आमचं काम स्वच्छतेवर भागलं. कल्याणच्या एका म्हाताऱ्या कारागिराने 'रेक आउट'वर दोष दाखवला आणि मगच झाकण उघडलं. ज्यांना स्विच बदलावाच लागेल, त्यांनी जुना स्विच खिशात घालून लॅमिंग्टन रोड गाठावा. डोंबिवलीकरांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं. पोल किती, पोझिशन किती, दांडीची लांबी आणि पायांची मांडणी जुळवून घ्या. नवा स्विच असा हवा की पुढचं इनपुट जोडण्याआधी आधीचं सुटेल, नाहीतर फिरवताना दोन उपकरणं क्षणभर एकमेकांना जोडली जातात. जुना काढण्यापूर्वी प्रत्येक वायरचा फोटो काढा.

पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्याकडे जाल तेव्हा एकच विचारा, "रेक आउटला काय येतंय?" ज्याने तपासलं असेल, तो उत्तर देईल. ज्याने नसेल, त्याच्याकडून अॅम्प्लिफायर परत घ्या.