ऋणानुबंधांचा देश : फिलिपिन्स

सन १९८९ मध्ये फिलिपिन्सच्या लगुना प्रांतात, लुंबांग नदीच्या मुखाजवळ, वाळूचा उपसा चालू असताना एक काळवंडलेला ताम्रपट हाती लागला. पुढे डच अभ्यासक अँटून पोस्टमा यांनी तो वाचला, तेव्हा त्याचा आरंभ 'स्वस्ति' या शब्दाने झालेला आढळला. त्यावरील मिती शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी आहे. म्हणजे इसवी सन ९०० चा एप्रिल महिना. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना कालनिर्देशित लेख. त्यात कोणा राजाचा विजय नाही की देवालयाचे दानपत्र नाही. नामवरान नावाच्या एका गृहस्थावरील सोन्याचे कर्ज माफ झाले असून त्याच्या मुलांवर व वंशजांवर त्याचा कोणताही बोजा उरलेला नाही, असे त्यात नमूद आहे. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर तो 'येणे बाकी नाही' असा दाखला होय.

एखाद्या देशाचा पहिला ज्ञात लेख कर्जमुक्तीचा असावा, हा योगायोगच म्हणावा लागेल. परंतु त्या देशात नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्याने ऋण या कल्पनेचा अर्थ प्रथम समजून घ्यावा, हे मात्र खरे. तागालोग भाषेत पैशाच्या कर्जाला 'उतांग' म्हणतात. ते हप्त्याने फिटते, व्याजासह फिटते, नामवरानच्या वंशजांप्रमाणे माफही होते. याहून निराळे असते ते 'उतांग ना लोओब'. 'लोओब' म्हणजे आतला भाग, अंतःकरण. हे अंतःकरणाचे ऋण. अडचणीच्या काळी कोणी शाळेची फी भरली, नोकरीसाठी शब्द टाकला, आजारपणात उशाशी बसून रात्र काढली, की ते निर्माण होते. त्याची रक्कम ठरत नाही, मुदत ठरत नाही आणि पूर्ण परतफेडही होत नाही. 'वालांग उतांग ना लोओब', म्हणजे ज्याला हे ऋणच नाही असा कृतघ्न मनुष्य, ही तेथील फार जहरी निंदा समजली जाते.

मराठीतील 'ऋणानुबंध' हा शब्द या कल्पनेच्या पुष्कळ जवळ जातो. फरक इतकाच की आपण ऋणानुबंधाचा संबंध पूर्वजन्माशी जोडतो. फिलिपिनो माणसाच्या लेखी तो याच जन्मातला, गल्लीतला आणि गणगोतातला असतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स कौट यांनी १९६१ मध्ये या प्रथेचे वर्णन करारासारख्या बांधिलकीची व्यवस्था असे केले होते. फिलिपिनो मानसशास्त्राचे प्रवर्तक विर्हिलिओ एन्रिकेझ यांना ही मांडणी मान्य नव्हती. कृतज्ञता आणि एकजूट हाच या ऋणाचा गाभा आहे, ओझे नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाहेरून येणाऱ्याला प्रथम कौट पटतात. काही वर्षे राहिल्यावर एन्रिकेझ पटू लागतात.

फिलिपिन्स हा ७,६४१ बेटांचा, सुमारे ११ कोटी लोकवस्तीचा देश. सोळाव्या शतकापासून १८९८ पर्यंत स्पेनची, त्यानंतर अमेरिकेची आणि दुसऱ्या महायुद्धात जपानची सत्ता त्याने अनुभवली. १९४६ मध्ये तो स्वतंत्र झाला. बहुसंख्य लोक कॅथलिक असून मिंदानाओ बेटाच्या काही भागांत मुस्लिम समाज मोठा आहे. फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही अधिकृत भाषा असल्याने परक्या माणसाचे व्यवहार अडत नाहीत. नेमकी हीच सुलभता पुष्कळांना चकवते. भाषा कळली म्हणजे माणूस कळला, असे त्यांना वाटते.

मराठी माणसाला मात्र काही गोष्टी तेथे पाहताक्षणीच ओळखीच्या वाटतील. वयाने मोठ्या अनोळखी पुरुषाला 'कुया' आणि स्त्रीला 'आते' म्हणतात, म्हणजे आपला दादा आणि ताई. आपल्या 'आते'चा याच्याशी संबंध नाही, एवढे ध्यानात ठेवावे. वाक्यात 'पो' हा आदरार्थी शब्द घातल्याशिवाय वडीलधाऱ्यांशी बोलत नाहीत. घरात प्रवेश करताच धाकट्यांनी वडिलांचा हात हाती घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायचा, याला 'मानो' म्हणतात. आपल्या वाकून केलेल्या नमस्काराचे हे भावंडच. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी आणि कचेरीतील सहकाऱ्यांसाठी 'पासालुबोंग', म्हणजे काहीतरी खाऊ वा भेटवस्तू, आणलीच पाहिजे. रिकाम्या हाताने आलेल्याला कोणी बोलत नाही, पण ते लक्षात राहते.

या नात्यांना धर्माचाही आधार आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता 'निनोंग' आणि धर्ममाता 'निनांग' मिळतात. चांगल्या नोकरीतील परदेशी शेजाऱ्याला हा मान देऊ केला जाणे मुळीच दुर्मीळ नाही. तो स्वीकारला की दर नाताळला त्या मुलाची भेट ठरलेली, आणि पुढे फीची अडचण आली तर पहिला दरवाजा कोणाचा वाजेल, हेही ठरलेले. नाताळचे वातावरण तेथे सप्टेंबरमध्येच सुरू होते. १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेला चर्च भरून जातात, आणि बाहेर तांदळाच्या गरम 'बिबिंका'चा वास दरवळत असतो.

पैशाच्या व्यवहारांतही हा स्वभाव दिसतो. जीपनी या सार्वजनिक वाहनात मागे बसलेला प्रवासी 'बायाद पो' म्हणत भाडे पुढच्याच्या हाती देतो. हातोहात ते चालकापर्यंत पोहोचते आणि उरलेली मोड त्याच वाटेने परत येते. कोपऱ्यावरच्या 'सारी-सारी' दुकानात शांपूची एक पुडी, एक सिगारेट, वाटीभर व्हिनेगर असे सुटे सामान मिळते आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाची उधारी वहीत मांडली जाते. 'उधारी बंद' अशी पाटीही त्याच दुकानात वहीच्या वर टांगलेली असते! कचेऱ्यांतून 'पालुवागान' चालते. ती हुबेहूब आपली भिशी.

आणि याच ठिकाणी भारतीयांचा उल्लेख येतो. तेथे भारतीय माणसाला सरसकट 'बुंबाय' म्हणतात; हा शब्द 'बॉम्बे'वरून आला. सेबूच्या बाजारात तर मोठ्या कांद्यालाही 'बॉम्बे' हे नाव चिकटले आहे. प्रत्यक्षात तेथे स्थिरावलेले भारतीय प्रामुख्याने पंजाबी व सिंधी. मोटारसायकलवरून दारोदार फिरून पाचाला सहा या दराने कर्ज देणारा पंजाबी सावकार हे तेथील सामान्य माणसाच्या मनातले भारतीयाचे चित्र आहे. हट्टी मुलांना 'बुंबाय येऊन घेऊन जाईल' अशी भीती घालत. या 'फाइव्ह-सिक्स' सावकारीला पर्याय म्हणून तेथील सरकारने २०१७ मध्ये लघुउद्योजकांसाठी स्वस्त कर्जाची योजना आणली. सावकारी दरावर टीका रास्तच आहे. परंतु ज्या भाजीवालीला कोणतीही बँक उभी करत नव्हती, तिच्या दारी हा माणूस रोज येत होता, हेही बँकिंग क्षेत्रातील वाचकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला कर्जाविषयी थट्टा ऐकावी लागली, तर त्यामागे हा इतिहास असतो.

कुटुंबाचे ऋण फेडण्यासाठीच लाखो फिलिपिनो परदेशी राबतात. परिचारिका, खलाशी, घरकामगार अशा कामांतून २०२४ मध्ये त्यांनी बँकांमार्फत सुमारे ३४.५ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. त्यातून घराला पत्रे येतात, धाकटी बहीण परिचारिका होते आणि मग तिची पाळी येते. 'मिळवणाऱ्याने शिल्लक किती टाकली?' हा परदेशी हिशेब त्या घरात विचारलाच जात नाही.

संभाषणातील सर्वांत अवघड शब्द 'नाही' हा होय. समोरच्याला 'हिया', म्हणजे लाज वा संकोच, वाटू नये म्हणून नकार सहसा स्पष्ट दिला जात नाही. 'बघू या', 'प्रयत्न करतो' अशा उत्तरांचा अर्थ बहुधा नकारच असतो. चारचौघांत हाताखालच्या माणसावर आवाज चढवणारा वरिष्ठ तेथे काम करवून घेऊ शकत नाही. दुखावलेला माणूस भांडतही नाही. तो अबोला धरतो, याला 'ताम्पो' म्हणतात. त्याची समजूत जवळिकीने काढावी लागते, खुलाशाने नव्हे.

शाकाहारी कुटुंबांना आहाराची तयारी करावी लागेल. भात तिन्ही त्रिकाळ असतो, पण भाजीतही 'बागोओंग' हे आंबवलेल्या कोळंबीचे वा मासळीचे सारण पडते आणि 'मांस नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'मासळी आहे' असा निघतो. जेवत असलेला माणूस जवळून जाणाऱ्यास 'काइन तायो', चला जेवू या, असे म्हणतोच. हे सौजन्य असते. आभार मानून पुढे गेल्यास कोणी रागावत नाही. वादळांचे मात्र तसे नाही. वर्षाकाठी सरासरी वीस चक्रीवादळे या देशाच्या सागरी क्षेत्रात येतात. नोव्हेंबर २०१३ मधील 'योलांदा'ने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या गल्लीत पाणी कोठवर चढते, हे शेजाऱ्यांना विचारावे. ते खरे सांगतात.

आता ज्या गोष्टीने अनेक परदेशी निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी गेली, तिच्याविषयी. १९८७ च्या राज्यघटनेनुसार परदेशी व्यक्तीला, वारसाहक्काचा अपवाद सोडल्यास, फिलिपिन्समध्ये जमीन घेता येत नाही. सहनिवासी इमारतीतील सदनिका, प्रकल्पातील परदेशी हिस्सा ४० टक्क्यांच्या आत असेल तरच, घेता येते. यावर उपाय म्हणून फिलिपिनो पत्नीच्या नावे जमीन घेण्याची वाट पुष्कळांनी धरली. अशाच एका प्रकरणात जर्मन पतीने स्वदेशातील वडिलोपार्जित घर विकून आलेल्या पैशातून जमीन घेतली आणि घर बांधले. पती-पत्नी विभक्त झाल्यावर त्याने निदान पैसे तरी परत मिळावेत अशी मागणी केली. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीही फेटाळली : मनाई ठाऊक असताना केलेल्या व्यवहाराला न्यायबुद्धीचे संरक्षण मिळणार नाही. शिवाय मुस्लिम व्यक्तिगत कायदा वगळता त्या देशात घटस्फोटाचा कायदा नाही; २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेले विधेयक सिनेटमध्ये अडले.

अशा प्रकरणांत बहुतेक वेळा फसवणुकीचा हेतू नसतो. पत्नीच्या माहेरी घर बांधले, मेहुण्याला रिक्षा घेऊन दिली, सासूचे औषधपाणी केले. पती याकडे उसनवार म्हणून पाहतो आणि सासरची माणसे ऋणानुबंध म्हणून. दोघेही आपापल्या वहीत प्रामाणिक असतात. तेथील जाणते परदेशी रहिवासी यावर एक साधा नेम पाळतात : परत न आल्यास नाते तुटेल एवढी रक्कम उसनी द्यायची नाही, आणि जी द्यायची ती आनंदाने देऊन वहीतून खोडून टाकायची.

प्रत्यक्ष स्थलांतरापूर्वी एक फेरी मारून यावी. जून २०२५ मध्ये फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश सुरू केला; दीर्घ वास्तव्यासाठी मात्र रीतसर व्हिसा लागतो. निवृत्तांच्या विशेष व्हिसासाठी डॉलरमध्ये ठेव ठेवावी लागते. वय व रक्कम यांच्या अटी वेळोवेळी बदलत असल्याने त्या दूतावासाकडून जाणून घ्याव्यात. भारतातील निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. नोकरीसाठी वा अनिश्चित काळाकरिता देश सोडला की ही योजना त्या व्यक्तीला लागू राहत नाही आणि येथील बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. त्यासाठी निघण्यापूर्वीच आपल्या शाखेत लेखी कळवावे. वारसनोंद, संयुक्त खातेदाराच्या सह्या आणि परदेशातील पत्ता ही कामेही त्याच भेटीत उरकून घेता येतात.