लेख अडला कोठे?

तुमच्या शाळेत भित्तिपत्रक निघत असेल. लेख तुम्ही लिहिता, गुरुजी तो वाचून त्यावर सही करतात आणि शिपाईदादा तो फळ्यावर लावतात. लेख फळ्यावर दिसला नाही, तर शिपाईदादांवर रागावून उपयोग काय? प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

संगणकांच्या जगातही असेच एक भित्तिपत्रक आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांना १९७९ साली ‘युजनेट’ची कल्पना सुचली. तेथे विषयवार गट असतात. त्यांना ‘न्यूजग्रुप’ म्हणतात. काही गटांत लेख तपासल्याशिवाय घेत नाहीत. ‘साय.फिजिक्स.रिसर्च’ हा भौतिकशास्त्राचा गट त्यांपैकी एक.

समजा, तुम्ही या गटासाठी प्रश्न लिहिला. तुम्ही झालात ‘प्रेषक’. तुमच्या मजकुराला विषय, गटाचे नाव इत्यादी ओळी जोडते ती ‘प्रेषण-आज्ञावली’. पुढे तो ‘प्रवेश-आज्ञावली’कडे जातो. गट तपासणीचा आहे आणि लेखावर मंजुरीची ओळ नाही, हे पाहून ती लेख प्रसिद्ध न करता ई-मेलने ‘मॉडरेटर’कडे पाठवते. मॉडरेटर लेख वाचून निर्णय घेतो. पसंत पडल्यास तो ‘अप्रूव्हड’ ही ओळ घालून लेख पुन्हा प्रवेश-आज्ञावलीकडे देतो. मग ‘वहन-आज्ञावली’ त्याच्या प्रती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे नेते, ‘संग्रह-आज्ञावली’ त्या साठवते आणि ‘वाचन-आज्ञावली’ वाचकाला दाखवते.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ५५३७’ या नियमपत्रात या सर्व भूमिकांची कामे सांगितली आहेत. एवढा काटेकोरपणा कशासाठी? मंजुरीची ओळ म्हणजे साधी अक्षरेच. ती कोणीही खोटी लिहू शकेल! म्हणून ती लिहिणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे प्रवेश-आज्ञावलीने पाहावे, अशी अपेक्षा असते. लेख चांगला की वाईट, हे ठरवणे मात्र तिचे काम नव्हे. ते मॉडरेटरचे.

आता सांगा : तुमचा लेख गटात कोणालाच दिसत नाही, पण इतरांचे नवे लेख येत आहेत. प्रथम कोणाकडे चौकशी कराल? आणि लेख इतरांना दिसतो, फक्त तुमच्या मित्राला दिसत नाही, तर? भूमिका एकेक करून तपासा. उत्तर आपोआप सापडेल.