दरख्वास्त नव्हे, हिशेब : संशोधन अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा?

जोगेश्वरी, बेहरामबाग, ओशिवरा भागातील आपले अनेक कारागीर बांधव व्याजापासून दूर राहावे म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत. हे योग्यच आहे. परंतु कर्ज वेगळे आणि अनुदान वेगळे, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही. संशोधनासाठी मिळणारे अनुदान अटींप्रमाणे खर्च केले तर परत करायचे नसते. मग व्याजाचा प्रश्नच येत नाही. केंद्र सरकारने २०२२ साली लघुउद्योगांसाठी ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजना आणली. तिच्यात एका नव्या कल्पनेसाठी १५ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. कल्पना मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत पुढे जाते. अशी संस्था बहुधा एखादे कॉलेज असते.

अडचण आहे ती लिहिण्याची. आपल्याला दरख्वास्त लिहिता येते : कुटुंब मोठे, धंदा मंदा, मेहेरबानी व्हावी. आम्हीही एकदा यंत्रासाठी अशीच दोन पाने लिहून दिली होती. ‘यात संशोधन काय?’ एवढ्या शेऱ्यासह कागद परत आला. तेव्हा राग आला होता. आज वाटते, शेरा बरोबर होता.

प्रस्तावात प्रथम प्रश्न हवा. आमच्याच धंद्यातले उदाहरण घ्या. सुती दुपट्ट्याचा रंग पहिल्या धुलाईत सुटतो आणि माल परत येतो. कारण असे की, रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा काही भाग सुताशी न जुळता कापडावर नुसता बसून राहतो. तो कडक गरम साबणपाण्याने काढावा लागतो. पण ‘रंग पक्का कसा करावा’ हा काही संशोधनाचा प्रश्न झाला नाही. त्याचे उत्तर पुस्तकात आहे. ‘टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या छोट्या रंगखान्यात निम्म्या पाण्यात तेवढाच पक्केपणा मिळेल काय?’ हा प्रश्न झाला. यावर आधी कोणी काय केले आहे, हे शोधून चार ओळींत लिहावे. परीक्षक नवेपणा इथेच पाहतो.

मग रीत. साबणपाण्याची तीन तापमाने आणि पाण्याची चार मापे धरली तर १२ प्रकार होतात. प्रत्येक प्रकार तीनदा करायचा, म्हणजे ३६ नमुने. धुलाईतला पक्केपणा १ ते ५ अंकांत मोजतात, ५ म्हणजे सर्वांत पक्का. ‘रंग चांगला येईल’ असे लिहू नये. ‘निम्म्या पाण्यात ४ अंक आला तर प्रयोग यशस्वी’ असे लिहावे. तपासणी आपल्या डोळ्यांनी नव्हे, प्रयोगशाळेत. घाटकोपरला १९५४ साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन आहे. जोगेश्वरी–विक्रोळी रस्त्याने गेले तर फार लांब नाही.

खर्च या ३६ नमुन्यांतूनच निघतो : कापड किती मीटर, रंग किती किलो, तपासणीचा दर, कारागिराचे दिवस. आपले व्यापारी इथे दोन चुका करतात. घासाघीस होईल म्हणून आकडा फुगवतात, किंवा दुकानाचे भाडे त्यात घुसवतात. परीक्षक नमुने मोजून गुणाकार करतो, तेव्हा दोन्ही उघडे पडते. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकरामध्ये आहे, तरी आपल्याकडे अजून तोंडी हिशेब चालतो! अनुदान घेतल्यावर खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून पक्की बिले जपावीत.

योजनेचे नियम आधी वाचावेत. २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशन मंजूर झाले, तेव्हा बाजारात अनेकांनी कागद जमवायला सुरुवात केली. ते रस्त्याखाली घालायचे किंवा दवाखान्यात वापरायचे कापड अशा कामांसाठी होते, दुपट्ट्यासाठी नव्हे.

उद्यम नोंदणी नसेल तर ती आधी करून घ्यावी; ती ऑनलाइन होते, फी नाही. प्रस्ताव उर्दूत सुचत असेल तर उर्दूत लिहावा आणि मोहल्ल्यातील कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून इंग्रजी करून घ्यावा. आकडे मात्र स्वतः तपासावेत.