तो आपल्या ठायीं आला

वाचावयाचा भाग : लूक १५:११-३२

उधळ्या पुत्राचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळां वाचला जातो कीं, त्यांतील एक लहानसा शब्द आपल्या कानांवरून नुसता निघून जातो. सतराव्या वचनांत तो मुलगा शुद्धीवर आला असें आपण वाचतों. मूळ ग्रीक शब्दांचा अक्षरशः अर्थ 'तो आपणांमध्यें आला' असा होतो. म्हणजे इतके दिवस तो आपणांमध्यें नव्हताच!

खेड्यांत राहणारास हें फार समजावून सांगावयास नको. एखाद्याच्या अंगांत येतें तें आपण पाहिलें आहे. त्याचा आवाज बदलतो, डोळे फिरतात, बापालाही तो ओळखीत नाहीं. वारें उतरलें म्हणजे तांब्याभर पाणी पितो व जवळच्यांस विचारतो, "मी काय बोललों?" या मुलाच्या अंगांत दूर देशचें वारें शिरलें होतें, आणि हातांतील पैसा संपेपर्यंत तें उतरलें नाहीं.

घर सोडतांना 'मला माझ्या मनासारखें राहूं द्या' हेंच त्याच्या पोटांत असलें पाहिजे. आजकालही पुष्कळ जण सांगतात कीं, आपलें खरें स्वरूप सांपडावयास आपल्या मनाचेंच ऐकावें, दुसऱ्या कोणाचें ऐकूं नये. त्या मुलानें तेंच केलें आणि तो डुकरांपाशीं जाऊन पोंचला. यहूदी मनुष्यास डुकर अशुद्ध. त्यांची राखण त्याच्या कपाळीं आली. ज्या शेंगांवर त्याची वासना गेली, त्या कॅरोब नांवाच्या झाडाच्या असाव्यात. भूमध्य समुद्राभोंवतींच्या प्रदेशांत हें झाड होतें, व त्याच्या लांबट, तपकिरी, गोडसर शेंगा गुरांस घालतात. त्याही त्याला कोणी दिल्या नाहींत. अशा ठिकाणीं त्यास काय आठवलें? आपली हुशारी नव्हे, आपली हौस नव्हे. बापाचें घर आठवलें, आणि तेथें मजुरांनासुद्धां पोटभर भाकर मिळते हें आठवलें. आपण कोण, हें त्यास मनाच्या आंत शोधून सांपडलें नाहीं; आपण कोणाचे, हें आठवल्यावर सांपडूं लागलें.

'लागलें' असें आम्ही म्हणतों, कारण तो अजून पुरता आपल्या ठायीं आला नव्हता. उपदेशकांनीं येथें १८, १९ व २१ हीं वचनें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं. तीन गोष्टी बोलावयाच्या असें त्यानें ठरविलें होतें : मीं पाप केलें, मी पुत्र म्हणवून घ्यावयास योग्य नाहीं, मला मजूर करून ठेवा. बापापुढें पहिल्या दोनच तोंडांतून निघाल्या. तिसरी बोलण्यापूर्वींच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणावयास सांगूं लागला.

पायांत जोडे ही घरच्या मुलाची खूण, गुलामाची नव्हे. आपल्या वाडवडिलांना याचा अर्थ कोणी शिकवावा लागला नसता. कित्येक गांवांत वरच्या आळींतून जातांना त्यांना वाहाणा काढून हातांत घ्याव्या लागत, आणि नांवाच्या शेवटीं 'या' जोडल्याशिवाय त्यांना कोणी हांक मारीत नसे. असें नांव पिढ्यान्‌पिढ्या ऐकलें म्हणजे मनुष्य तें स्वतःही स्वतःस लावूं लागतो. बाप्तिस्मा झाल्यावरही कित्येकांच्या मनांतून तें गेलें नाहीं. देवापुढेंही ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

उलट कांहींनीं जुनें नांव टाकतांना आपला कंठही टाकला. ख्रिस्ती व्हावयाचें म्हणजे टाळ, वीणा, अभंग हें सारें वेशीबाहेर ठेवून यावयाचें, असें त्यांस वाटलें. रेव्ह. नारायण वामन टिळक यांस तसें वाटलें नाहीं. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु तुकोबांच्या मार्गानें आपण ख्रिस्तापाशीं आलों हें ते विसरले नाहींत, व मराठी मंडळीला त्यांनीं तिच्याच बोलींत भजनें दिलीं. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. तेथें बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांनीं, १९१९ त, ते वारले. (वेतन घेणें हें पाप, असें मात्र कोणी यावरून समजूं नये. कामकऱ्यास त्याची मजुरी मिळावी हें प्रभूनेंच सांगितलें आहे.)

आमचीच एक गोष्ट सांगतों. एका आजारी म्हाताऱ्या बाईच्या घरीं आम्हीं मोठमोठ्या शब्दांची लांबलचक प्रार्थना केली. 'आमेन' झाल्यावर ती काळजीनें म्हणाली, "बाबा, तुम्हांला बरं नाहीं का? आवाज तुमचा नव्हता." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुष्कळ शिक्षक हा पाठ २४ व्या वचनाशीं, मेजवानीपाशीं, संपवितात. तसें करूं नये. थोरला भाऊ शेतांतून यावयाचा आहे. बापाजवळ केलेल्या आपल्या चाकरीविषयीं तो जो शब्द वापरतो, तो मूळ भाषेंत गुलामाच्या चाकरीचा शब्द आहे. आणि भावाला तो भाऊ न म्हणतां 'तुमचा मुलगा' म्हणतो. घर न सोडतांच तो दूर देशीं जाऊन राहिला होता. जो उपदेशक नेमानें प्रार्थना चालवितो, वर्गणी गोळा करतो, वही भरतो, आणि रात्रीं दिवा मालवतांना 'हें सारें मीं कोणासाठीं केलें?' असें पुटपुटतो, त्याचें नातें धाकट्यापेक्षां या थोरल्याशीं अधिक जवळचें आहे. बाप त्याच्यासाठींही बाहेर आला, त्याला 'बाळा' म्हणाला, आणि आंत येण्याविषयीं विनवूं लागला. तो आंत गेला कीं नाहीं, हें लूकनें लिहिलेलें नाहीं. पाठ तेथेंच थांबवावा, व प्रार्थनेपूर्वीं सर्वांनीं थोडा वेळ स्तब्ध बसावें.