बुडी अर्ध्या मिनिटाची, तयारी महिन्याची

मलकापुरातून दरवर्षी उन्हाळ्यात एखादा तरी जथा हिमालयात जातो. पूर्वी चारधाम एवढंच ठरलेलं असायचं, आता हेमकुंड आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्सही यादीत असतात. बऱ्याच जथ्यांबरोबर मी गेलो आहे, त्यामुळे निघणारी मंडळी आधी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. स्वेटर किती घ्यायचे, खेचर करावं का, असं विचारून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "बर्फाच्या पाण्यात बुडी मारायची का?" मारायची की! पण त्या सगळ्या कामात बुडी हा सर्वांत छोटा भाग. आधीचं आणि नंतरचं ज्याला जमलं, त्यालाच ती मानवते.

१. आपला गारठा तिथं उपयोगाचा नाही

आमच्या शाहूवाडी तालुक्यातला माणूस पावसात वाढलेला. आषाढात दिवसभर ओल्या अंगानं भातलावण करणारा, पन्हाळा ते पावनखिंड भर जुलैत चालणारा, बर्कीच्या धबधब्याखाली हटून उभा राहणारा. "आम्हाला काय थंडीचं सांगता?" ही ऐट त्यामुळे आपसूक येते. पण आपल्याकडे झोंबतो तो वारा, पाणी तितकं गार नसतंच. हेमकुंड, शिखांच्या तीर्थाचं तळं, आहे ४,३२९ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून उंच. भोवतीच्या शिखरांवरचं बर्फ वितळून त्या तळ्यात उतरतं आणि जूनमध्ये काठावरही बर्फाचे ढीग असतात. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीसपट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. त्यात हवा विरळ, एरवीच दम लागलेला. तेव्हा बर्कीचा अनुभव बर्कीतच ठेवून जावा.

२. तयारी घरच्या न्हाणीतून सुरू करा

गार पाण्याची सवय होते, आणि वाटते त्यापेक्षा लवकर होते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. थोड्या थोड्या वेळाच्या पाच-सहा बुड्यांनीही शरीराला बसणारा धक्का बराच कमी होतो, असं या अभ्यासातून दिसलं आहे. कार्तिकात पहाटे नदीवर आंघोळ करणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना हे निराळं सांगावं लागलं नसतं. निघण्याआधी महिनाभर बंब पेटवू नका. वाटेतही शिकायला मिळतंच. हरिद्वारला हर की पौडीवर साखळी धरून गंगेत उतरा, देवप्रयागला संगमावर पुन्हा. मे महिन्याच्या उन्हातही तिथलं पाणी अंगावर काटा आणतं. वर पोचेपर्यंत शरीराला निरोप मिळालेला असतो.

३. पहिलं मिनिट श्वासाचं

बर्फाच्या पाण्यात माणूस दगावतो तो गारठून, असा आपला समज. गारठायला वेळ लागतो. घात होतो तो पहिल्या मिनिटात. कातडीला गार पाणी लागताच आपोआप एक मोठी धाप आत ओढली जाते, मग भराभर श्वास, छातीत धडधड. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल, तर हवेच्या जागी पाणी आत जातं. म्हणून उडी कधीच मारू नये. आधी पाय, मग हात, मग मानेवर आणि तोंडावर पाणी. नंतर कमरेपर्यंत उतरून थांबायचं, श्वास ताळ्यावर येऊ द्यायचा आणि मगच बुडी.

"हर हर गंगे"चा किंवा "वाहे गुरू"चा गजर इथं फार कामाला येतो. मोठ्यानं ओरडायचं तर श्वास बाहेर सोडावाच लागतो, कोंडून धरता येत नाही. मुकाट्यानं दात आवळून उतरणाऱ्यांची तारांबळ जास्त होते, हे मी दर खेपेला पाहतो.

४. वाहतं पाणी तांब्यानं, साचलेलं बुडीनं

गंगोत्रीची भागीरथी राखाडी दिसते. हिमनदीनं दळलेल्या दगडाचं पीठ तिच्यात असतं, त्यामुळे वीतभर खालचा तळही दिसत नाही, आणि ओढ अशी की गुडघाभर पाण्यात धडधाकट गडी हलतो. तिथं पायरीवर बसून तांब्यानं आंघोळ करावी. हेमकुंडाचं पाणी संथ आणि नितळ, बुडी तिथं.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण मलकापुरात नदीचं पाणी ओळखतो ते आंबा घाटाकडचं आभाळ बघून. तिकडं काळं झालं, की इकडं कडवी नदी चढणार. हिमालयात हा हिशेब उलटा आहे. ऊन जितकं लख्ख, तितकं बर्फ जास्त वितळतं आणि दुपारनंतर निरभ्र आभाळाखाली पाणी चढतं. सकाळी जो दगड कोरडा होता, तो चार वाजता बुडालेला असतो. आंघोळ सकाळीच उरकावी. गंगोत्रीपासून सुमारे १८ किलोमीटर चालून गोमुखाला जाणाऱ्यांनी तर हिमनदीच्या तोंडाशी जाऊच नये. तिथं बर्फाचे कडे न सांगता कोसळतात. लांबूनच हात जोडावेत.

५. आधी बोटं संपतात

एकदा हेमकुंडाच्या पायऱ्यांवर आमच्यातला एक पैलवान गडी बुडी मारून ऐटीत वर आला आणि पायजम्याच्या नाडीपाशी अडकला. ओली नाडी, तिची निरगाठ, आणि बोटं जांभळट, ताठ. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटेचनात. नखानं ओढून पाहिलं, मनगटानं रेटून पाहिलं. शेवटी शेजारच्या सरदारजींनी हसत हसत गाठ सोडवली. तोवर गड्याचे दात वाजायला लागले होते.

गार पाण्यात शरीर आतली ऊब राखायला हातापायांचं रक्त आखडून घेतं. त्यामुळे नाडी, बटण, चेन, बुटाची लेस यातलं काही नको. इलॅस्टिकची विजार आणि डोक्यातून घालायचा सैल स्वेटर घ्यावा. कपडे घालायच्या क्रमानं रचून ठेवावेत, सगळ्यांत वर कानटोपी. अंगठ्या खोलीवरच काढाव्यात, गारठ्यात बोट बारीक होऊन त्या निसटतात. बायकांसाठी गुरुद्वारात आडोशाची वेगळी सोय आहे, तिथंच जावं. ओलं लुगडं गुंडाळून वाऱ्यात उभं राहणं बुडीपेक्षा जास्त बाधतं.

६. खरी थंडी बाहेर आल्यावर

बाहेर आल्यावर दोन-चार मिनिटं माणूस भलताच खुशीत असतो. अंग लालबुंद, तोंडभर हसू, फोटोसाठी उघडाच उभा. हुडहुडी मागून येते. हातापायांतलं गार रक्त पुन्हा आत फिरायला लागतं आणि शरीर बाहेर येऊनही आतून गारच होत राहतं. फोटो नंतर. आधी अंग कोरडं करा, कोरडे कपडे चढवा, मग लंगरमधली गरम खिचडी आणि चहा. बद्रीनाथला अलकनंदेचं पाणी अंगावर घेऊन थेट कढत तप्तकुंडात शिरू नये, भोवळ येते. "घोटभर घेतली की ऊब येते" म्हणणाऱ्याचं ऐकूच नये. दारूनं कातडीला ऊब वाटते, पण आतली ऊब त्याच वाटेनं निघून जाते.

हेमकुंडावर मुक्काम करता येत नाही. पायथ्याच्या घांघरिया गावापासून सहा किलोमीटरची उभी चढण चढायची आणि त्याच दिवशी उतरायचं. पायांत तेवढं बळ राखून पाण्यात जावं. वर पोचल्यावर घाम वाळेपर्यंत बसावं, लगेच कपडे काढू नयेत.

७. कुणाला ओढू नका

"आरं मार की बुडी, काय हुतंय?" हे वाक्य आमच्याकडच्या जथ्यात हमखास ऐकू येतं आणि त्यात सगळ्यांत जास्त धोका आहे. गार पाण्यानं रक्तदाब एकदम चढतो, हृदयावर ताण येतो. चेहरा पाण्यात गेला की शरीर नाडी मंद करू बघतं, कातडीचा गारठा तीच नाडी पळवू बघतो. या ओढाताणीत ठोके चुकू शकतात. ज्यांना हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा दमा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गरोदर बाईनंही नाही. मामा-मामींना भाच्यानं भरीला पाडू नये, आणि भाच्यालाही मित्रांनी.

पायरीवर बसून तीन तांबे डोक्यावर घेतले, तरी देवाच्या हिशेबात ती आंघोळच. मलकापुरात परतल्यावर "बुडी मारलीस का?" म्हणून पुरावा कुणी मागत नाही. मागितलाच, तर पुढच्या जथ्याच्या यादीत त्याचं नाव पहिलं लिहून टाकावं.